आधी सिगारेट सोडा, मग या

“आधी सिगारेट सोडा. तीन महिन्यांनी या. मग हार्मोन्सचं बघू.”

हैदराबादमधल्या एका रुग्णालयात एका डॉक्टरांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्यांच्या खोलीत मी जेमतेम सहा मिनिटं होते. त्यातली दोन मिनिटं केसपेपरवरचं नाव आणि समोर बसलेली बाई यांचा मेळ लावण्यात गेली. तिसऱ्या मिनिटाला “स्मोकिंग?” असा प्रश्न आला. मी खरं उत्तर दिलं: दिवसाला आठ-दहा. पेन खाली ठेवलं गेलं. पुढचा नंबर पुकारला गेला.

डॉक्टरांनी माझी जात विचारली नाही. ते जातीयवादी होते असं मी म्हणत नाही. मला बोलायचं आहे ते त्या वाक्याविषयी. “आधी अमुक करा, मग या” हे वाक्य आपल्या घरात पिढ्यानपिढ्या ऐकलं गेलेलं आहे. म्हणून या स्तंभात ते मांडतेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अर्धवट माहितीवर भांडण उभं करायचं नाही. वैद्यकीय धोका खरा आहे. इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते. धुरामुळे रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं, रक्त गोठण्याकडे झुकतं. दोन्ही एकत्र आले की पायातल्या शिरेत, फुप्फुसात किंवा मेंदूत गुठळी अडकण्याचा धोका वाढतो. शिवाय धुरामुळे यकृत तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन लवकर मोडून टाकतं, म्हणजे गोळी तीच, पण अंगी लागते कमी. सिगारेट ओढणारी ट्रान्स स्त्री धोका जास्त घेते आणि फायदा कमी पदरात पाडते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या भावांनीही निर्धास्त राहू नये. त्या औषधाने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, धुरानेही वाढतात, आणि रक्त जास्त दाट होणं बरं नाही.

तेव्हा “सोडा” हा सल्ला बरोबर होता. माझं भांडण “आधी” आणि “मग” या दोन शब्दांशी आहे.

त्या खोलीत काय सांगितलं गेलं नाही ते पाहा. निकोटिनचं च्युइंगम असतं आणि २ मिलीग्रॅमचं औषधाच्या दुकानात सहज मिळतं, हे सांगितलं गेलं नाही. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्विटलाइन क्रमांक २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापला जातो, त्यावर फोन करा असं कुणी म्हटलं नाही. इस्ट्रोजेन गोळीऐवजी त्वचेवर लावायच्या जेलमधूनही देता येतं आणि त्यात गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, याचा उल्लेख नाही. तीन महिन्यांनंतरची तारीखही दिली नाही. मला एक अट मिळाली, आणि ती पूर्ण करायला लागणारं साधन एकही मिळालं नाही.

पुढे काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी सिगारेट सोडली नाही आणि थांबलेही नाही. आमच्यातल्या कित्येक जणी जे करतात तेच केलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणल्या. स्वस्त, बिनचिठ्ठीच्या, कुणी काही न विचारता मिळणाऱ्या. त्यांत एथिनिल इस्ट्रॅडिओल असतं. शरीराला ते सहज मोडता येत नाही आणि गुठळीचा धोका त्यात इस्ट्रॅडिओलपेक्षा जास्त असतो. मी रोज दोन घेत होते, कधी तीन, आणि त्यावर आठ-दहा सिगारेटी. गुठळी टाळण्यासाठी केलेल्या नियमाने मला गुठळीच्या आणखी जवळ नेऊन सोडलं.

चौथ्या महिन्यात एका रात्री डावी पोटरी दुखायला लागली. वर हात लावला तर गरम. एका मैत्रिणीने रिक्षात घालून नेलं. डॉप्लर तपासणीचे पैसे तिनेच भरले, कारण माझी फेलोशिप पाच महिने अडकलेली होती. गुठळी नव्हती, स्नायू दुखावला होता. पण तपासणीच्या टेबलावर पडल्या पडल्या मनात एकच विचार होता: मी मेले तर घरी देह कुठल्या नावाने जाईल?

आता त्या “आधी”कडे येते.

पहिल्या पिढीच्या पदवीधराला हा शब्द नवा नाही. आधी इंग्रजी सुधारा, मग सेमिनारमध्ये बोला. आधी मेरिट दाखवा, मग जागा मागा. आणि त्याही आधी, आपल्या आजा-पणज्यांना: आधी स्वच्छ राहायला शिका, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, मग पाणवठ्यावर येण्याचं बोला. हक्काला सुधारणेची अट घालायची आणि सुधारणेची साधनं आपल्याच ताब्यात ठेवायची. ज्याला पाणी भरू दिलं नाही त्यालाच अस्वच्छ म्हणायचं.

महाडची मार्च १९२७ ची परिषद आठवा. बाबासाहेबांनी तिथे आपल्या माणसांना खडे बोल सुनावले. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा, असं बजावलं. स्वतःला सुधारण्याबाबत त्यांनी कसलीही सवलत दिली नाही. पण ‘हे सोडा, मग तळ्यावर जाऊ’ असं ते म्हणाले नाहीत. त्याच परिषदेतून, २० मार्चला, लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. आत्मसुधारणा आणि हक्क एकाच मांडवातून निघाले. एकाला दुसऱ्याची अट केलं गेलं नाही. महाडमधली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि आपण तिच्याविषयी फार कमी बोलतो.

कुणी म्हणेल, तुलना ताणलेली आहे. पाण्याला धोका नसतो, औषधाला असतो. बरोबर. पण मग इतर औषधांचं काय होतं ते पाहू. सिगारेट ओढणाऱ्या प्राध्यापकाला रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात. गोड न सोडणाऱ्या मधुमेह्याला इन्सुलिन मिळतं. डॉक्टर रागावतात, पुन्हा पुन्हा सांगतात, पण औषध लिहून देतात, कारण न देण्याचाही धोका असतो हे त्यांना माहीत असतं. हार्मोन न देण्याचा धोका मात्र कुणी मोजत नाही. आमचा उपचार हा उपचार नसून हौस आहे, आणि हौस थांबू शकते, असं गृहीत धरलेलं असतं. शस्त्रक्रियेची गोष्ट वेगळी आहे. जखम भरावी म्हणून सर्जन काही आठवडे आधी सिगारेट बंद करायला लावतात, ते इतर रुग्णांनाही लावतात, आणि त्याला माझी हरकत नाही. जो नियम सगळ्यांना सारखा, तो मला मान्य आहे.

मी ओढायला लागले कधी, हेही सांगायला हवं. अठराव्या वर्षी, नागपुरात, मुलांच्या वसतिगृहात. माझी चाल, माझे हात, माझा आवाज यांवर रोज शेरे होत. सिगारेट हातात आली आणि हातांचं काय करायचं हा प्रश्न सुटला. धूर सोडताना कुणी “बायल्या” म्हणत नसे. सिगारेट हा माझा पुरुष असल्याचा खोटा दाखला होता आणि मी तो दिवसातून आठ-दहा वेळा दाखवत होते. पुढे हैदराबादला आले तेव्हा तिचा दुसरा उपयोग कळला. विद्यापीठात खरी ओळखपाळख वर्गात होत नाही, टपरीवर होते. कोणता पेपर कुठे पाठवायचा, कोणता गाइड विद्यार्थ्याला वाऱ्यावर सोडतो, कुठे प्रोजेक्टची जागा निघाली आहे, हे सगळं चहा आणि सुट्ट्या सिगारेटीवर वाटलं जातं. ज्यांच्या घरात प्रोफेसर काका असतात त्यांना टपरीची गरज नसते. मला होती. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असं २००३ चा कायदा सांगतो. आमच्या गेटपासून टपरीपर्यंत मी पावलं मोजली आहेत. चाळीस.

आणि तंबाखू आमच्या घरात माझ्याआधी आलेली होती. मी कामठीची. आजीने तीस वर्षं बिड्या वळल्या. तेंदूपत्ता भिजवायचा, कातरीने कापायचा, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. ठेकेदार मोजताना मूठमूठ बिड्या खराब म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे मिळत नसत आणि त्या बिड्या परतही मिळत नसत. आजीची बोटं काळी पडली, खोकला आला तो राहिलाच. बाबांना खर्रा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली, पण आमच्या चौकातला खर्रा घोटायचा काही थांबला नाही.

या कामठीचेच बाबू हरदास एल. एन. ‘जय भीम’ हे अभिवादन आपल्या तोंडी रुजवणारा हा कार्यकर्ता बिडी मजुरांना संघटित करत होता. तो गेला १९३९ मध्ये, क्षयाने, उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांचा होऊन. आपण रोज ज्या दोन शब्दांनी एकमेकांना भेटतो, ते बिडी वळणाऱ्यांच्या वस्तीतून आले आहेत. तंबाखूचा प्रश्न आपल्या चळवळीला बाहेरून चिकटलेला नाही. तो तिच्या घरातलाच आहे.

म्हणून आता थोडं आपल्याच लोकांशी भांडते.

आपल्याकडे सिगारेटीला विद्रोहाचं वलय आहे. कवी म्हटला की हातात सिगारेट. रात्रीची चर्चा म्हटली की धूर. मुलीने ओढली तर मुक्ती, ट्रान्स बाईने ओढली तर बिनधास्तपणा. मी स्वतः हे वलय अंगावर मिरवलं आहे. पण हिशोब करून पाहा. एका मोठ्या सिगारेट कंपनीत, आयटीसीत, एलआयसीचा मोठा हिस्सा आहे. म्हणजे पाकिटावर क्विटलाइनचा नंबर छापायला लावणारं सरकार आणि त्याच पाकिटाच्या नफ्यात वाटा घेणारी सरकारी विमा कंपनी, दोन्ही एकाच खिशातले. आपल्या विद्रोहाने भांडवलदाराचं काही बिघडत नाही. त्याला तो रोज सुट्टा विकतो. आणि विद्रोह म्हणून जे सवर्णाच्या हातात शोभून दिसतं तेच आपल्या हातात आलं की ‘व्यसनी’ होतं. सिगारेट विचारवंताची, बिडी हमालाची, खर्रा झोपडपट्टीचा. धुरालाही उतरंड आहे.

२०१६-१७ च्या सरकारी पाहणीत भारतातले २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. ओढणारे १०.७ टक्के आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २१.४ टक्के. म्हणजे ‘आम्ही कुठे सिगारेट ओढतो’ असं म्हणून खर्रा चघळणाऱ्या भावाबहिणींनीही हा लेख आपल्यासाठी नाही असं समजू नये.

आता सोडण्याचं. मी सोडली. आज चौदा महिने झाले. ही माझ्या इच्छाशक्तीची गोष्ट नाही, म्हणून नीट सांगते.

डॉप्लरच्या रात्रीनंतर एका ओळखीच्या ट्रान्स ताईने मला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, मीही तेच उत्तर दिलं. त्या म्हणाल्या, “दोन्ही आजच सुरू करू.” गर्भनिरोधक गोळ्या त्याच दिवशी बंद. रक्त तपासलं. आणखी पंधरा दिवसांनी इस्ट्रॅडिओलचं जेल, कमी मात्रेत. ते गोळ्यांपेक्षा महाग पडतं, हे त्यांनी आधीच सांगितलं आणि महिन्याचा हिशोब माझ्यासोबत बसून केला. निकोटिनचं च्युइंगम कसं खायचं तेही शिकवलं. साध्या च्युइंगमसारखं चावत राहायचं नाही. हळू चावायचं, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचं. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही. हे कुणी सांगितलंच नाही तर माणूस ते भराभर चावतो, उचकी लागते, मळमळतं, आणि ‘हे काही चालत नाही’ म्हणून पुन्हा टपरीवर जातो. मी पूर्वी एकदा असंच केलं होतं.

पहिले चार दिवस वाईट गेले. झोप नाही, चिडचिड, डोकं जड. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बरंच निवळलं. पण हार्मोन घेणाऱ्या बाईची एक वेगळी अडचण असते आणि ती कुठल्याच पत्रकात नसते. रडू आलं तर ते निकोटिन सुटल्याचं की इस्ट्रोजेन लागू पडल्याचं? वजन वाढलं तर कशाने? मी वही केली. दोन रकाने: आज किती वेळा तलफ आली, आज कशाने रडले. तलफ काही मिनिटांत ओसरते, हे वहीत दिसायला लागलं. रडण्याची कारणं मात्र बरीच जुनी निघाली. हातांचं काय करायचं हा अठराव्या वर्षीचा प्रश्न परत आला, तेव्हा लक्षात आलं की आता हात लपवायचे नाहीयेत. ज्या कारणासाठी ओढायला लागले ते कारणच आता उरलं नव्हतं. हार्मोन मिळाल्यामुळे मला सिगारेट सोडता आली. पहिल्या डॉक्टरांनी क्रम नेमका उलटा लावला होता.

दोनदा घसरले. एकदा गाइडने प्रकरण परत पाठवलं तेव्हा, एकदा वसतिगृहाच्या कार्यालयात “नक्की कुठल्या विंगमध्ये ठेवायचं तुम्हाला” हे सगळ्यांसमोर विचारलं गेलं तेव्हा. डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी जेल बंद केलं नाही. “पुन्हा उद्यापासून,” म्हणाल्या.

पण माझं सुटलं ते ओळखीमुळे सुटलं. ओळख नसलेल्या मुलीचं काय? ट्रान्स व्यक्तींना हार्मोन उपचार आणि समुपदेशन देणं ही सरकारची जबाबदारी आहे असं २०१९ च्या कायद्याच्या १५ व्या कलमात लिहिलं गेलं. २०२२ मध्ये आयुष्मान भारत टीजी प्लसखाली वर्षाला ५ लाख रुपयांच्या विम्याची घोषणा झाली. आणि प्रत्यक्षात हैदराबाद, पुणे आणि कल्याण इथली ‘मित्र’ क्लिनिकं, जिथे आमच्यातली माणसंच आमची काळजी घेत होती, ती २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवताच बंद पडली. हैदराबादचं पुढे दुसऱ्या निधीवर, दुसऱ्या नावाने सुरू झालं. आपल्या देशातल्या नागरिकांचं आरोग्य दुसऱ्या देशाच्या निवडणुकीवर टांगलेलं होतं, ही आपल्या सरकारची लाज आहे.

म्हणून मागणी साधी आहे. जिथे हार्मोन दिलं जातं तिथेच, त्याच दिवशी, तंबाखू सोडायला मदत मिळाली पाहिजे. निकोटिन रिप्लेसमेंट २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते यादीतून काढून रुग्णाच्या हातात द्या, फुकट द्या. धोका जास्त असेल तर गोळीऐवजी जेल द्या आणि त्याचा खर्च विम्यात धरा. रुग्ण पुन्हा घसरली तर तिला हाकलू नका, पुढची तारीख द्या. आणि “आधी सोडा, मग या” हे वाक्य सरकारी दवाखान्यातून हद्दपार करा.

आपल्याकडूनही मागणी आहे. आपल्या अभ्यासमंडळांतल्या चर्चा टपरीवरून उठवून खोलीत आणा. नव्या मुलाला माहिती हवी असेल तर ती सिगारेटीशिवाय मिळाली पाहिजे. प्रोजेक्टची जागा निघाली तर भिंतीवर लावा, धुरात कुजबुजू नका. आणि आपल्यातली एखादी ट्रान्स बहीण औषधाच्या दुकानातून गुपचूप गोळ्या आणत असेल तर तिला प्रवचन देऊ नका, तिच्यासोबत डॉक्टरकडे चला. माझ्यासोबत कुणीतरी आलं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कामठीला गेले. आजी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. लहानपणापासून तिने मला “काय गा” म्हणून हाक मारली, जशी आमच्याकडे मुलांना मारतात. या वेळी दारातच तिने माझं तोंड हुंगलं, लहानपणी खर्ऱ्याचा वास येतो का ते पाहायची तसं. मग विचारलं, “सोडली का वं?”

मी म्हटलं, सोडली.

“बरं केलं. बिड्या करून पोट भरते पोरी, ओढून नाही भरत.”

तिने मला “वं” म्हटलं होतं, जसं आमच्याकडे मुलींना म्हणतात. तिने आधी काही सिद्ध करायला लावलं नाही. दाखला मागितला नाही, तीन महिन्यांनी ये म्हणाली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात करून टाकल्या. सहावीपर्यंतही न शिकलेल्या बिडी मजूर बाईला जे जमतं ते या देशाच्या दवाखान्यांनाही जमलं पाहिजे.

जय भीम.